रिकाम्या जागांचे मोल

सरकारी कचेरीतील एखादी जागा रिकामी राहिली म्हणजे तिचा पगार वाचला, एवढीच नोंद हिशेबाच्या वहीत होते. त्या जागेवरील माणसाकडे ज्याचे काम होते त्या शेतकऱ्याचा दिवस बुडाला, त्याचे बसचे भाडे फुकट गेले, शाळेतील मुलाचे गणिताचे वर्ष वाया गेले, आणि त्या जागेसाठी अभ्यास करीत बसलेल्या तरुणाचे वय एका वर्षाने वाढले, ही नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत ही न लिहिलेली रक्कम गेली अनेक वर्षे साचत आली आहे. ती कोणाकडून वसूल होते याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा असे आम्हांस वाटते. कारण ज्याच्या उंबरठ्याशी हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने आलेला नाही असे घर या भागात क्वचितच सापडेल.

दोन तारखा

प्रथम नजीकचा इतिहास पाहू. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपुष्टात आली; त्यामुळे हा दिवस या प्रदेशात मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. २०१९ साली याच दिवशी हैदराबाद-कर्नाटकास ‘कल्याण कर्नाटक’ हे नवे नाव मिळाले. १७ सप्टेंबर २०२४ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक बंगळूर सोडून कलबुर्गी येथे भरली. अशी बैठक तेथे दहा वर्षांनी भरत होती, त्यामुळे लोकांच्या अपेक्षा मोठ्या होत्या. या प्रदेशातील १७,४३९ रिक्त पदे टप्प्याटप्प्याने भरण्यात येतील, असे त्या बैठकीनंतर जाहीर झाले. औराद-भालकीपासून आळंद-चिंचोळीपर्यंत ज्या घरांत पदवी घेतलेली मुले अभ्यास करीत होती, त्या घरांत ही वार्ता आनंदाने ऐकली गेली असणार, यात शंका नाही.

त्यानंतर एक्केचाळिसाव्या दिवशी, म्हणजे २८ ऑक्टोबर २०२४ रोजी, त्याच मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की, अनुसूचित जातींतील अंतर्गत आरक्षणाचा निकाल लागेपर्यंत सरळ भरतीची कोणतीही नवी जाहिरात काढू नये. नोव्हेंबरमध्ये तसा आदेशही निघाला. ज्या जाहिराती आधीच निघाल्या होत्या त्यांना ही स्थगिती लागू नव्हती; परंतु ज्या पदांची नुकतीच आशा दाखविली होती, त्यांची जाहिरात निघण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. स्थगितीचे कारण क्षुल्लक नव्हते. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींचे पोटवर्गीकरण करण्याची मुभा राज्यांना दिली. अनुसूचित जातींमध्येही जे सर्वांत मागे राहिले त्यांना स्वतंत्र वाटा मिळावा, ही मागणी कर्नाटकातील मादिग समाज कित्येक वर्षे करीत होता. नवी भरती जुन्याच वाटणीप्रमाणे झाली असती, तर त्या जागा पुढील तीस वर्षांसाठी हातच्या गेल्या असत्या. म्हणून ‘आधी वाटणी, मग भरती’ असे म्हणणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही.

दोष आहे तो दिरंगाईचा. याच विषयावर नेमलेल्या न्यायमूर्ती सदाशिव आयोगाने आपला अहवाल २०१२ सालीच सादर केला होता. तो बारा वर्षे दप्तरात राहिला. त्या बारा वर्षांत वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली. शेवटी न्यायमूर्ती नागमोहन दास यांचा नवा आयोग नेमावा लागला. त्याने ४ ऑगस्ट २०२५ रोजी अहवाल दिला. आणि १९ ऑगस्ट २०२५ रोजी मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या सतरा टक्क्यांची सहा, सहा आणि पाच अशी विभागणी केली. पुढे आरक्षणाच्या एकंदर मर्यादेचा प्रश्न न्यायालयापुढे उभा राहिला तो निराळाच. ज्या कामास बारा वर्षे होती ते वेळेवर झाले असते, तर दोन प्रकारच्या वंचितांस एकमेकांच्या वाटेत उभे राहण्याची पाळी आली नसती.

शिवाय हा पहिला प्रसंग नव्हे. महासाथीच्या काळात, जुलै २०२० मध्ये, राज्याच्या अर्थखात्याने त्या वर्षाची सरळ भरती थांबविली होती; आणि त्या आदेशातून कल्याण कर्नाटकासाठी राखीव असलेली पदेही सुटली नव्हती. म्हणजे चार-पाच वर्षांच्या अवधीत दोनदा दार लागले. एकदा पैशाच्या टंचाईने, एकदा न्यायाच्या नावाने.

राखून ठेवलेला वाटा

या दोन जिल्ह्यांत अशा स्थगितीचा आघात इतर ठिकाणांपेक्षा अधिक का होतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सरकारी नोकरीत भूमिपुत्रांस स्थान हा या प्रदेशाचा जुना प्रश्न आहे. निजामाच्या अमदानीत १९१९ च्या फर्मानाने ‘मुलकी’ म्हणजे स्थानिक रहिवाशांस नोकरीत अग्रहक्क दिला गेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा बिदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. कारभाराची भाषा बदलली, राजधानी दूर गेली, आणि शिक्षणात आधीच मागे असलेला हा प्रदेश जुन्या म्हैसूरच्या सुशिक्षित तरुणांशी एकाच परीक्षेत उतरला. निकाल काय लागणार हे उघड होते.

डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये राज्यातील १७५ तालुक्यांचा अभ्यास करून ११४ तालुके मागासलेले ठरविले. त्यांपैकी ३९ अत्यंत मागासलेले होते, आणि या ३९ मधील २१ एकट्या गुलबर्गा महसूल विभागात होते. दीर्घ चळवळीनंतर २०१२ च्या अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३७१-जे हे कलम आले. २०१३ च्या आदेशाप्रमाणे या प्रदेशातील ‘अ’ व ‘ब’ वर्गाच्या पदांत ७५ टक्के, ‘क’ वर्गात ८० टक्के आणि ‘ड’ वर्गात ८५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखल्या गेल्या. राज्यपातळीवरील संस्थांतही आठ टक्के वाटा ठरला.

हे मोठे आश्वासन आहे, आणि ज्यांनी ते मिळविले त्यांचे ऋण हा प्रदेश कधी विसरणार नाही. परंतु ते कलम केवळ वाटणीचे आहे. ताटात काय वाढावे हे ते सांगत नाही. भरती झाली तर शंभरातील ऐंशी जागा स्थानिकांच्या. भरतीच झाली नाही तर शून्याचे ऐंशी टक्के शून्यच. ज्याच्याजवळ दुसरे काही आहे त्याला भरतीबंदीने थोडीशी झळ लागते. बंगळूरच्या तरुणास कारखाने आहेत, खाजगी कचेऱ्या आहेत, संगणकाचे उद्योग आहेत. औराद किंवा कमलनगरच्या तरुणास तूर, सोयाबीन आणि ऊस यांपलीकडे पगाराची नोकरी म्हणजे बहुतांशी सरकारचीच. म्हणून एकच आदेश दोन ठिकाणी दोन निरनिराळी वजने घेऊन पडतो.

कल्याण कर्नाटक विकास मंडळासाठी २०२३-२४ पासून वर्षाला पाच हजार कोटी रुपयांची तरतूद जाहीर होऊ लागली. त्यातून शाळाखोल्या, रस्ते, आरोग्यकेंद्रे उभी राहतात, ही समाधानाची गोष्ट होय. पण खोली बांधणे हे एकदाचे काम आहे. त्या खोलीत रोज दहा वाजता उभा राहणारा शिक्षक हे रोजचे काम आहे. पहिल्यासाठी पैसा मिळतो, दुसऱ्यासाठी मंजुरी मिळत नाही, ही विसंगती आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी.

जागा रिकामी कशी राहते

पुष्कळांची अशी समजूत असते की, स्थगिती उठली म्हणजे दुसऱ्या दिवशी माणसे कामावर येतात. तसे घडत नाही. कर्नाटकात सरकारी नोकर साठाव्या वर्षी निवृत्त होतो, त्यामुळे कोणती जागा केव्हा रिकामी होणार हे खात्यास कित्येक वर्षे आधी ठाऊक असते. तरीही ती भरण्यासाठी प्रथम अर्थखात्याची संमती लागते. मग आरक्षणाची बिंदुनामावली तपासावी लागते. त्यानंतर लोकसेवा आयोगाकडे किंवा परीक्षा प्राधिकरणाकडे मागणीपत्र जाते. मग जाहिरात, अर्ज, परीक्षा, आक्षेप, निवडयादी, प्रमाणपत्रांची तपासणी, आणि बहुधा एखादा न्यायालयीन दावा. यातील प्रत्येक पायरीस महिने लागतात. म्हणून दहा महिन्यांची स्थगिती ही प्रत्यक्षात दहा महिन्यांची नसते. थांबलेला रहाट पुन्हा फिरू लागेपर्यंत आणखी दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि तेवढ्यात आणखी एक पिढी निवृत्त झालेली असते.

याचे उदाहरण पाहा. पदवीधर प्राथमिक शिक्षकांच्या १५,००० जागांसाठी राज्याने २०२२ च्या मे महिन्यात परीक्षा घेतली. त्यांपैकी ५,००० जागा कल्याण कर्नाटकाच्या होत्या. मोठी भरती होती, हेतूही चांगला होता. तथापि विवाहित स्त्रियांनी माहेरच्या उत्पन्नाचा दाखला द्यावा की सासरच्या, अशा वादावर प्रकरण न्यायालयात गेले, आणि नेमणुकांसाठी २०२३ साल उजाडावे लागले. मे महिन्यात परीक्षा देऊन जूनमध्ये शाळेवर जाऊ असे म्हणणाऱ्यांचे एक सबंध शैक्षणिक वर्ष मध्येच गेले. आणि त्या वर्षीच्या मुलांचेही.

या मधल्या काळात काम थांबत नाही. ते उरलेल्यांच्या पाठीवर येते. त्यास सरकारी भाषेत ‘प्रभार’ म्हणतात. एका ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडे दुसरीचा प्रभार, एका तलाठ्याकडे शेजारच्या गावांचा प्रभार. कागदावर दोन्ही जागा चालू दिसतात. प्रत्यक्षात सोमवारी एका गावी आणि मंगळवारी दुसऱ्या गावी बसणारा तो मनुष्य कोठेच पुरा सापडत नाही. पहाणीतील नावाची दुरुस्ती, वारसाची नोंद, पीकनुकसानीचा पंचनामा, वृद्धाच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज ही कामे अडतात. अडलेल्या कामाच्या भोवती मध्यस्थ जमतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. लाचलुचपतीची मुळे केवळ माणसाच्या लोभात नसतात. ती रिकाम्या खुर्चीच्या सावलीतही वाढतात.

शाळेचे काय होते

सर्वांत मोठी किंमत शाळा देते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सव्विसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, सरकारी शाळेतील शिक्षकांच्या रिक्त जागा मंजूर संख्येच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक वर्गांत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, असेही तो कायदा सांगतो. कायदा करणाऱ्यांस ठाऊक होते की, शिक्षक नसेल तर बाकीचे सर्व हक्क कागदावर राहतील. असे असूनही ज्या राज्यात सर्व खात्यांतील मंजूर पदांपैकी जवळजवळ एक तृतीयांश, म्हणजे अडीच लाखांहून अधिक पदे रिकामी असल्याचे वेळोवेळी सांगितले गेले आहे, तेथे शिक्षणखाते या रोगातून कसे सुटणार?

मराठी माध्यमाच्या शाळांची अडचण तर दुहेरी आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील अनेक गावांत घरची भाषा मराठी आहे, आणि तेथे मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. संविधानाचे ३५०-अ हे कलम अल्पसंख्य भाषकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यास सांगते. कन्नड शाळेतील शिक्षक निवृत्त झाला तर जिल्ह्यातून दुसरा बदलीने आणता येतो, कारण असे शिक्षक हजारो आहेत. मराठी शाळेतील गणिताचा शिक्षक निवृत्त झाला तर त्याच्या जागी आणावयाचा कोणास? मराठीतून शिकविणाऱ्यांची संख्याच थोडी. त्यातील एक येथे आणला तर दुसरीकडे भोक पडते. मग एकच शिक्षक तीन-तीन इयत्ता एका खोलीत घेऊन बसतो. पालक दोन वर्षे वाट पाहतात आणि मुलास खाजगी शाळेत किंवा सीमेपलीकडे उदगीर, निलंगा, उमरगा येथे नातेवाइकांकडे ठेवतात. पट घसरतो. पट घसरला म्हणजे पदच अनावश्यक ठरते. अशा रीतीने कोणी एकही शाळा बंद करण्याचा हुकूम न काढता शाळा मिटत जाते.

अनुदानित शाळांची स्थिती याहून फार वेगळी नाही. संस्थेची शाळा, सरकारचा पगार, अशी त्यांची व्यवस्था. शिक्षक निवृत्त झाला तरी संस्थेस आपल्या इच्छेने जागा भरता येत नाही. अमुक तारखेपर्यंत रिकाम्या झालेल्या जागाच भराव्या, अशी रेषा शासन आखून देते. २०१५ अखेरची रेषा दीर्घकाळ तशीच राहिली होती. त्यानंतर निवृत्त झालेल्यांच्या जागी संस्था स्वतःच्या पदरचे तुटपुंजे मानधन देऊन कोणास तरी उभे करीत आल्या. हा भार फीच्या रूपाने शेवटी पालकांवरच येतो.

२०२५ च्या दहावीच्या पहिल्या परीक्षेत दक्षिण कन्नड जिल्ह्याचा निकाल ९१.१२ टक्के लागला आणि तो राज्यात पहिला आला. कलबुर्गी जिल्ह्याचा निकाल ४२.४३ टक्के लागून तो शेवटचा ठरला. या अंतराचे सर्व खापर रिकाम्या जागांवर फोडणे योग्य नव्हे. दारिद्र्य, सुगीच्या दिवसांत मुलांचे शाळा सोडून कामास जाणे, लवकर होणारी लग्ने, स्थलांतर, ही कारणेही तितकीच खरी आहेत. परंतु ज्या मुलाच्या घरी शिकविणारे कोणी नाही, त्यास शाळेतील शिक्षकाची गरज इतरांहून दुप्पट असते. जेथे शिक्षक सर्वांत अधिक हवा तेथेच तो सर्वांत कमी आहे, एवढे म्हणणे तरी अतिशयोक्तीचे होणार नाही.

पाहुण्याच्या खांद्यावर संसार

रिकाम्या वर्गात मग ‘अतिथी शिक्षक’ येतो. २०२५-२६ या वर्षासाठी राज्याने सुमारे ५१,००० अतिथी शिक्षकांची सोय केली. दरमहा दहा-बारा हजार रुपये मानधन, तेही शैक्षणिक वर्षापुरते, आणि पुष्कळदा महिनोन्महिने उशिरा. त्याच शाळेतील कायम शिक्षकास याच्या कित्येक पट वेतन मिळते, आणि १ ऑगस्ट २०२४ पासून सातव्या वेतन आयोगाने ते आणखी वाढले. कायम शिक्षकाच्या वाढीचा आम्हांस मत्सर नाही. तो त्याच्या कष्टाचा मोबदला आहे. पण एकच फळा, एकच पुस्तक, तीच मुले, आणि दोन शिक्षकांच्या ताटांत इतके अंतर, हे कोणत्याही सरळ मनास पटणारे नाही. ‘अतिथी’ या शब्दातच एक क्रूर विनोद आहे. पाहुणा दोन दिवस राहतो. येथे पाहुणा दहा वर्षे राहून घर सांभाळतो, आणि तरीही त्यास घरचा म्हणत नाहीत.

या बाबतीतील कायद्याचा इतिहासही कर्नाटकाशीच जोडलेला आहे. १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी’ या खटल्यात निर्णय दिला. खटला याच राज्यातील रोजंदारीवरील कामगारांचा होता. नियमित निवडीवाचून नेमलेल्यांस केवळ अनेक वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्यामागील तत्त्व योग्य होते: मागील दाराने आत येणाऱ्यांमुळे परीक्षेची तयारी करणाऱ्या गरीब मुलावर अन्याय होऊ नये. परंतु त्याच निर्णयात, कायमची कामे तात्पुरत्या माणसांकडून करवून घेऊ नयेत, हेही अभिप्रेत होते. शासनांनी पहिला भाग आठवणीत ठेवला आणि दुसरा विसरून गेली. २० डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय जल आयोगातील सफाई कामगारांच्या ‘जग्गो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयास पुन्हा सांगावे लागले की, उमादेवी निर्णयाचा ढालीसारखा उपयोग करून वर्षानुवर्षे राबलेल्यांस बाहेर काढणे न्याय्य नव्हे.

भरती बंद ठेवावयाची, त्यामुळे मागील दार उघडावे लागते. आणि मागील दाराने आला म्हणून त्यास हक्क द्यावयाचा नाही. या चक्रात परीक्षा देणाराही हरतो आणि राबणाराही.

वाढणारे वय

आता अभ्यास करणाऱ्याकडे पाहू. भालकी तालुक्यातील एखादा शेतकऱ्याचा मुलगा घ्या. बावीसाव्या वर्षी पदवी झाली. घरच्यांनी एक म्हैस विकून त्यास कलबुर्गीस किंवा धारवाडास खोली करून दिली. सर्वसाधारण उमेदवारास पस्तीस, इतर मागासवर्गीयांस अडतीस आणि अनुसूचित जातिजमातींस चाळीस ही वयोमर्यादा. म्हणजे दिसावयास अवधी पुष्कळ. परंतु त्या अवधीत जाहिराती किती निघतात? महासाथीचे वर्ष गेले, आयोगाचे वर्ष गेले. मधल्या काळात पोलीस उपनिरीक्षकांच्या ५४५ जागांसाठी ३ ऑक्टोबर २०२१ रोजी परीक्षा झाली. पन्नास हजारांहून अधिक तरुणांनी ती दिली. पुढे कलबुर्गी शहरातील एका परीक्षाकेंद्रातून गैरप्रकार उघडकीस येऊ लागले, आणि एप्रिल २०२२ मध्ये सबंध निवड रद्द झाली. फेरपरीक्षा झाली ती २३ जानेवारी २०२४ रोजी. ज्यांनी पैसे दिले ते तुरुंगात गेले, हे ठीकच. ज्यांनी रात्री जागून अभ्यास केला त्यांची सव्वादोन वर्षे त्यांना कोण परत देणार? ज्या जागांची संख्या थोडी आणि वाट पाहणारे लाखो, तेथे परीक्षेभोवती पैशाचा बाजार भरतो. भरतीतील भ्रष्टाचार आणि भरतीबंदी ही एकमेकांची भावंडे आहेत.

२०२५ मध्ये शासनाने वयोमर्यादेत तीन वर्षांची एकवेळची सवलत दिली. ती योग्यच होती. परंतु सवलतीने परीक्षेचे दार उघडते, गेलेली तारुण्याची वर्षे येत नाहीत. मुलाचे लग्न लांबते, धाकट्या बहिणीच्या लग्नाचा पैसा खोलीभाड्यात जातो, बापाचे वय होते. मुलीची गत याहून कठीण. तिला अभ्यासासाठी दोन वर्षे मिळतात. जाहिरात त्या दोन वर्षांत निघाली नाही तर घरचे म्हणतात, आता पुरे. एका आदेशाने किती मुलींचे शिक्षण चुलीपाशी संपले याची गणना कोणी केलेली नाही.

सीमाभागातील मराठी तरुणास दुसरे एक दार आहे असे म्हटले जाते. महाराष्ट्र शासनाने आपल्या दाव्यातील ८६५ गावांच्या मराठी भाषिक रहिवाशांस, ठराविक वास्तव्याच्या अटीवर, राज्यसेवेसाठी पात्र मानले आहे. त्यांत बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील गावेही येतात. पण त्या दाराचाही अनुभव पाहा. महाराष्ट्राने २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबविली. राज्यपातळीवरील अभियोग्यता चाचणी होण्यास २०१७ चा डिसेंबर उजाडला, आणि ‘पवित्र’ या प्रणालीतून नेमणुका होण्यास आणखी काळ लागला. अध्यापक विद्यालयांतून पदविका घेऊन बाहेर पडलेली एक सबंध पिढी त्या काळात दुकानांत आणि शेतांत विखुरली. पुढे विद्यालयेच ओस पडली. ४ मे २०२० रोजी तेथील अर्थखात्याने आरोग्य व वैद्यकीय शिक्षण वगळून नवी भरती थांबविली. म्हणजे त्या पावसाळ्यात सीमेच्या दोन्ही बाजूंची दारे एकदमच बंद होती. सीमेवर राहणाऱ्यास दोन राज्ये लाभतात असे नाही. कधी कधी दोहोंचा नकार लाभतो.

खर्चाचा युक्तिवाद

शासनाच्या बाजूने जे म्हटले जाते तेही ऐकले पाहिजे. वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज यांतच महसुलाचा मोठा भाग जातो. एक नेमणूक म्हणजे तीस-पस्तीस वर्षांचे बंधन असते. टंकलेखकासारखी काही पदे आता खरोखरच अनावश्यक झाली आहेत. हे सर्व खरे आहे. केंद्र सरकारनेही २००१ पासून काही वर्षे, निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी सुमारे एक तृतीयांशच भराव्या, असे धोरण ठेवले होते.

परंतु अनावश्यक पद रद्द करणे ही एक गोष्ट. आवश्यक पद मंजूर ठेवून रिकामे ठेवणे ही दुसरी. पहिल्यात विचार आहे, जबाबदारी आहे, विधिमंडळात उत्तर देण्याची तयारी आहे. दुसऱ्यात यांपैकी काही नाही. निवृत्ती कोणाची केव्हा होईल यावर कोणती जागा रिकामी पडावी हे ठरते; गरज कोठे अधिक आहे यावर नव्हे. त्यामुळे काटकसरीची कुऱ्हाड आंधळेपणाने चालते. ज्या गावी कोणी बदली मागत नाही त्या गावी ती प्रथम पडते, आणि अशी गावे बहुधा सीमेवरच असतात. शेतकरी दुष्काळात खर्च कमी करतो. बैलाची पेंड कमी करतो, सण साधा करतो. पण बियाणे विकून खात नाही. शिक्षक, परिचारिका, तलाठी ही राज्याची बियाणी आहेत.

काय मागावे, काय करावे

आमची मागणी मोठी नाही. पहिली गोष्ट, निवृत्तीची तारीख आधी ठाऊक असते, तर भरतीची प्रक्रियाही आधी सुरू व्हावी, म्हणजे एक जण निरोप घेईल त्या महिन्यात दुसरा रुजू होईल. दुसरी, कोणत्याही कारणाने स्थगिती आणावी लागलीच, तर शाळा व आरोग्य ही खाती, तसेच ३७१-जे खालील पदे तीतून वगळावी, किंवा स्थगितीची अंतिम तारीख त्याच आदेशात लिहावी. तिसरी, तालुकावार आणि माध्यमवार रिक्त जागांची यादी दर वर्षी जून महिन्यापूर्वी लोकांपुढे ठेवावी. मराठी माध्यमाच्या किती जागा मंजूर, किती भरलेल्या, हे औरादच्या पालकास विचारत फिरावे लागू नये. चौथी, जो अतिथी शिक्षक अनेक वर्षे शिकवीत आहे त्याच्या अनुभवास निवडीत गुण मिळावेत; म्हणजे परीक्षेचे तत्त्वही राहील आणि श्रमाचा मानही.

आणि आपण? शाळा सुधारणा समितीत पालकांस स्थान असते. तेथे बसून शिक्षकांची मंजूर आणि प्रत्यक्ष संख्या विचारावी, ती इतिवृत्तात लिहून घ्यावी, आणि गटशिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी द्यावी. कायद्यातील दहा टक्क्यांची मर्यादा बहुतेकांस ठाऊकच नसते. ती ठाऊक असलेला एक पालक दहा मोर्चांइतका उपयोगी पडतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. मुलांस मराठीबरोबर कन्नड नीट शिकवावे, हेही आम्ही आग्रहाने सांगू. राज्याच्या भरतीत कन्नडची परीक्षा सक्तीची असते, आणि शेजाऱ्याची भाषा येणे हे मातृभाषेच्या प्रेमास बाधक नसून पूरकच आहे. अभ्यासाला बसलेल्या मुलास एखादे हातचे कौशल्यही शिकू द्यावे. परीक्षेची वाट पाहणे हे त्याचे एकमेव काम होऊ देऊ नये, आणि निकाल लागला नाही म्हणून त्यास घरात टोचून बोलू नये. जाहिरातच निघाली नाही, हा त्याचा अपराध नव्हे.

कलबुर्गीच्या बैठकीत जाहीर झालेला १७,४३९ हा आकडा लोकांनी विसरू नये. तो विसरला गेला तर पुढील १७ सप्टेंबरला दुसरा आकडा जाहीर होईल, आणि त्यानंतर आणखी एक. त्यांपैकी किती जागांवर माणूस बसला, हा प्रश्न प्रत्येक मुक्तिदिनी, प्रत्येक गावातून, प्रत्येक लोकप्रतिनिधीस विचारला गेला पाहिजे.